‘न परतलेली होडी’ आणि परतलेले हिराकाका

हिराकाका माझी छत्री परत न करता गेले. या कृतीचा मी जाहीर निषेध करतो.

छत्री लांब दांड्याची होती, लाकडी मुठीची. ती पाचूबंदरच्या कोळीवाड्यात त्यांच्या ओट्यावर विसरलो आणि पुढच्या खेपेला पाहतो, तर काका तिच्या मुठीत जाळं अडकवून शिवत बसलेले. ‘‘भटजी, बरी वस्तू हाय. ऱ्हाऊ दे.’’

(मी भटजी नाही. संस्कृत शिकून वर्तमानपत्रात नोकरी करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, हे काकांना कधी सुचलं नाही.)

आज पहाटे काका गेले. झोपेत, घरात, स्वतःच्या अंथरुणावर.

रात्री घरी पोचलो, तर एका तरुण बातमीदाराचा फोन. ‘‘सर, ते ‘न परतलेली होडी’ पेंटिंग आहे ना, त्यातल्या बाईचे मिस्टर एक्सपायर झाले म्हणतात. पण ते तर आधीच गेले होते ना?’’

तेव्हापासून मी फुलपाड्याच्या माझ्या या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालतो आहे. बसवत नाही. म्हणून लिहितो.

ते चित्र तुम्ही पाहिलंय. मूळ मुंबईच्या गॅलरीत आहे, पण प्रिंट कुठे नाही? आमच्या डेंटिस्टकडे आहे, रिसॉर्टच्या लॉबीत आहे, फ्रिजच्या मॅग्नेटवर आहे.

बंदरावर एक कोळीण उभी. डाव्या काखेत टोपली, त्यावरून पदर. उजवा हात उघडा, मनगटात एकही बांगडी नाही. मागे रिकामा समुद्र. चेहरा असा की बघणाऱ्याने आवाज खाली आणावा.

जाणकारांनी निकाल दिला: नवरा बुडाला, तिने बांगड्या फोडल्या, तरी ती वाट बघते आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी पेपरने मला त्या बाईला शोधायला पाठवलं. शोधत त्यांच्या ओट्यावर पोचलो. एक गृहस्थ तंबाखू मळत होते. मी आवाजात योग्य ते कारुण्य आणून म्हणालो, ‘‘इथे त्या मावशी राहतात ना... ज्यांचे यजमान...’’

‘‘मीच तो,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘बुडालेला. बसा, च्या घ्या.’’

आतून मावशीचा आवाज आला. ‘‘कोन आलाय? मेलेल्याला भेटायला लोक येतात, जित्या बाईला कोन इचारत नाय.’’

मग खरी गोष्ट कळली. समुद्र रिकामा, कारण होड्या सगळ्या येऊन लागल्या होत्या, चित्रकाराच्या पाठीमागे. त्यातल्याच एका होडीत काका होते. चेहरा तसा, कारण मासळीचा लिलाव सुरू झाला होता आणि हा चित्रकार बाबा म्हणत होता, मावशी, हलू नका. ‘‘माझी मासळी खराब होत व्हती,’’ मावशी म्हणाली. ‘‘त्याला ते दुःख दिसलं.’’

आणि तो उघडा हात?

त्यांच्या घराण्यात रीत अशी की लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. दर्याने तिचा माणूस सांभाळावा म्हणून. पुढे जन्मभर चुडा डाव्याच हातात. तो डावा हात चित्रात पदराखाली गेला.

म्हणजे ज्या हातावरून जगाने तिला विधवा ठरवलं, तो हात नवरा असल्याची खूण होता.

मी हे सगळं छापलं. कोणावर काही परिणाम झाला नाही. गॅलरी चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘इंटरेस्टिंग. पण सर, ती दिसते किती हर्ट.’’

एकदा दोघांना तिथे घेऊन गेलो. एक गाईड कॉलेजच्या मुलांना काकांचं बुडणं सांगत होता. काका पुढे झाले.

‘‘पवता येत नव्हता का त्याला?’’

‘‘वादळ होतं ना, काका.’’

‘‘मग कठीन हाय.’’ काकांनी मान हलवली. बाहेर येऊन मला म्हणाले, ‘‘मानूस चांगला व्हता म्हनं.’’

‘‘चांगला कसला,’’ मावशी म्हणाली. ‘‘दिवसभर तंबाखू मळतो.’’

मी म्हटलं, काका, चित्राखालची पाटी बदलून घेऊ या, अर्ज करू. तर म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे. बुडालेल्याला कोन मीटिंगला बोलवत नाय.’’

आज स्मशानातून परतलो तर त्यांच्या घरात बायका बसलेल्या. काकांची थोरली बहीण, आत्या, मावशीला म्हणत होती, ‘‘आता चुडा उतरव.’’

मावशीने डावं मनगट उजव्या हाताने धरलं. ‘‘याचा जोडा त्यानं आपल्या हातानं दर्यात सोडला. तो दर्याकडं हाय. हा माझ्याकडं ऱ्हाऊ दे.’’

आत्या माझ्याकडे वळली. ‘‘भटजी, तू शिकलेला. शास्त्रात काय हाय?’’

शास्त्रात काय आहे ते मला ठाऊक आहे. इथे लिहिणार नाही.

‘‘असं कुठेच लिहिलेलं नाही, आत्या,’’ मी म्हणालो.

‘‘समदी पुस्तकं वाचलीस?’’

‘‘सगळी.’’

आत्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिला कळलं असावं. मग म्हणाली, ‘‘बरं. दहाव्याला बघू.’’

हिराकाका, तुम्हाला नमस्कार. तुमच्याइतका जिवंत माणूस मी फार पाहिला नाही.

दहाव्याला मी तिथे असेन, आत्याला पुन्हा तेच सांगेन. त्याची चिंता नाही.

पण संध्याकाळी निघताना मी ‘‘येतो, मावशी’’ म्हणालो. एरवी ती म्हणते, ‘‘जा, नि परत थोबाड दाखवू नको.’’ इतक्या वर्षांत दुसरा निरोप मला मिळालेला नाही.

आज म्हणाली, ‘‘सावकाश जा, बाबा.’’

मी घाबरलो आहे.