मेरीच्या वस्त्राचा निळा रंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं कळत नाही.

२००४ साली मी शिकागोजवळ केमिस्ट्रीत पीएचडी करत होते आणि एका छोट्या म्युझियमच्या लॅबमध्ये जुन्या चित्रांचे रंग तपासायचे. जवळच्याच शॉमबर्ग गावात राहणारे, बाबांचे जुने मित्र मनोहरकाका तिथे दर शनिवारी हौसेने गाइड म्हणून यायचे. त्यांचं लाडकं चित्र एकच — मेरी आणि बाळ येशू, पाचशे वर्षांपूर्वी स्पेनच्या राणीसाठी काढलेलं. शेजारच्या माहितीच्या पाटीकडे न बघता, चित्राकडे पाठ करून ते राणीची गोष्ट रंगवून सांगायचे. त्यांच्या घरी मी किती वेळा जेवले असेन.

तिथेच एकदा रडत सांगून बसले, की मी एका अमेरिकन मुलाबरोबर राहतेय. कुणाला बोलू नका, म्हटलं होतं. काकांनी आठवड्याभरात नागपूरला बाबांना फोन केला. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. इतका विश्वासघात माझा कुणीच केला नव्हता — तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

मग ते चित्र तपासणीला आलं. मेरीच्या वस्त्राचा निळा रंग मूळ चित्रकार गेल्यावर जवळजवळ दोनशे वर्षांनी शोधला गेलेला निघाला. म्हणजे आमचं चित्र नंतर कुणीतरी केलेली नक्कल. नवी पाटी शुक्रवारी लागणार होती. काकांना तू आधी सांग, असं क्युरेटरबाईंनी मला बजावलं. मी फोन हातात घेतला — आणि ठेवून दिला. विसरले का? छे.

शनिवारी काकांनी मराठी मंडळातली वीसेक माणसं आणली. मी मुद्दाम मागे उभी राहिले. काका राणीपर्यंत पोचले, तेवढ्यात एक लहान मुलगी पाटी वाचून म्हणाली, "बट काका, इट सेज इट्स अ कॉपी."

कुणीतरी हसलं. काका वळून पाटी वाचत राहिले. तू तर इथेच काम करतेस ना, असं एकीने मला विचारलं. मी म्हटलं, मलाही आत्ताच कळतंय.

"तिला माहीत असतं तर तिने मला आधी सांगितलं असतं," काका म्हणाले. "घरातलीच आहे ती."

त्यानंतर काका म्युझियममध्ये आले नाहीत. त्यांनी बाबांना सांगितलं ते निदान खरं तरी होतं. काकू मला जेवायला बोलावत राहिल्या — आणि मी जात राहिले.