भाऊजींचा दुसरा ब्रेक

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक आहे. शिकणारा गडबडला की भाऊजी तो दाबतात. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार एवढीच की भाऊजी गाडीतून उतरले तरी त्यांचा पाय काही उतरत नाही. ताई कढईत जरा सढळ हाताने तेल ओतायला लागली की यांचा पाय दाबला जातो. मालिकेतली बाई भलत्याच माणसाला होकार द्यायला निघाली की दाबला जातो. एका लग्नात फोटोग्राफर मागे मागे सरकत थेट कारंज्याकडे निघाला, तेव्हा यांनी एवढ्या जोरात पाय दाबला की शेजारच्या बाईंची करंगळी सुजली. फोटोग्राफर कारंज्यात पडायचा तो पडलाच.

अशा माणसाच्या पोटी आमची बारकी जन्मली. हुशार म्हणजे किती, तर देशातल्या दोन सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठांनी एकदमच 'या' म्हटलं. एकात जागा मिळावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात, आणि आमच्याकडे दोन! घरात आठवडाभर आनंद होता. मग प्रश्न आला, कुठलं?

"आधी बघून येऊ," भाऊजी म्हणाले. त्यांच्या शिकवणीच्या गाडीतूनच आम्ही निघालो. टपावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी, बारकी गाडी चालवतेय, शेजारी तिचे बाबा, मागे मी आणि ताई जीव मुठीत धरून.

पहिल्या विद्यापीठात फाटकापासून पाट्या होत्या. गवतावर चालू नये. जिना डावीकडून चढावा. येथे बोलू नये. घंटा झाली की काळे झगे घातलेली मुलं रांगेने या इमारतीतून त्या इमारतीत जायची. प्राध्यापक वर्गात आले की सगळे उभे, आणि ते 'बसा' म्हणेपर्यंत उभेच. मला तिथे खोकलासुद्धा दबकत आला. भाऊजी मात्र हरखून गेले होते.

"जिन्यालासुद्धा डावी बाजू आहे गं!" ते ताईला म्हणाले. लग्नानंतर इतक्या प्रेमाने ते तिच्याशी कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

दुसऱ्या विद्यापीठाला फाटकच सापडेना. कुठूनही आत जाता येत होतं, आणि लोक तसेच येत होते. सायकली चारी बाजूंनी. मुलं गवतावर आडवी. अमुकच विषय घे असं सांगणारं कुणी नाही आणि हजेरी घेणारंही कुणी नाही. एका पायरीवर अर्धी चड्डी घातलेले पिकल्या दाढीचे गृहस्थ बसले होते. एक मुलगी त्यांना म्हणाली, "ए, तुझं कालचं मला अजिबात पटलं नाही."

"मलाही नाही पटलं," ते म्हणाले. "सांग, कुठे चुकलो?"

ते प्राध्यापक होते. भाऊजींचा पाय तिथल्या मातीत रुतला. बारकी मात्र त्या पायरीशी जाऊन बसली आणि थोड्या वेळाने तीही बोलायला लागली. निघताना प्राध्यापकांनी भाऊजींपुढे हात केला. "तू काय करतोस?"

"मी गाडी शिकवतो," भाऊजी म्हणाले. "आणि मला साठीचे शिकाऊसुद्धा सर म्हणतात."

परतताना वाटेत चहाला उतरलो, तेव्हा बारकीने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मावशी, मला दुसरीकडे जायचंय. पण भीती वाटते गं. तिथे चुकले तर थांबवणारं कुणीच नाही."

"बाबांना सांग."

"ते एकदा नको म्हणाले ना, की माझा धीरच सुटेल."

कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी आम्ही सगळे कॉम्प्युटरच्या टेबलाभोवती जमलो. पडद्यावर दोन्ही नावं होती. भाऊजींनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं, "मी मध्ये पडणार नाही. तुझं तू ठरव." खरंच ते एक शब्द बोलले नाहीत. बारकीने बाण दुसऱ्या नावावर नेला, एक मोठा श्वास घेतला, आणि पडदा काळा झाला.

वीज गेली म्हणावं तर पंखा फिरत होता. मी टेबलाखाली वाकून बघितलं. भाऊजींचा पाय जमिनीवरच्या वायरींच्या बोर्डावर होता. बटण बंद.

"अहो!" ताई कडाडली. "मुलीच्या आयुष्याला ब्रेक लावताय?"

"मी काही केलं नाही," भाऊजी म्हणाले. "पायाने केलं."

मला हसू आवरेना. बारकी मात्र हसली नाही. ती बाबांकडे वळली आणि आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, तुम्ही इतक्या लोकांना शिकवलंत. परवाना मिळाल्यावर ते कशी चालवतात हो गाडी?"

"मला काय माहीत?" भाऊजी म्हणाले. "तेव्हा मी गाडीत नसतो ना."

बोलून गेले आणि आपलंच बोलणं कानावर पडल्यासारखे स्वतःच्या पायाकडे बघायला लागले. मला एकदम त्यांची कणव आली.

मग ते गुडघ्यांवर बसले, टेबलाखाली शिरले आणि हाताने बटण चालू केलं. कॉम्प्युटर कुरकुरत जागा झाला. भाऊजी बाहेर आलेच नाहीत. वर बारकीने पुन्हा नाव शोधलं आणि बटण दाबलं. या वेळी काही विझलं नाही.

"झालं?" खालून आवाज आला.

"झालं, बाबा."

"तिकडे कुणाला काय म्हणायचं ते म्हण. सुट्टीत घरी आलीस की मला अहोच म्हणायचं."

"हो."

बऱ्याच वेळाने भाऊजी बाहेर आले. डोळे लालबुंद. "खाली फार धूळ आहे," ते म्हणाले.

आपल्या घरात धूळ आहे असं म्हणणाऱ्याला ताईने आजवर कधी सोडलेलं नाही.

"हो," ती म्हणाली, "आज झाडायचंच राहिलं."