सात तळी पिणाऱ्या राक्षसाचा आवाज

उदगीर आज ना उद्या जिल्हा होणार, या भरवशावर पंचाक्षरीने आपल्या लग्नाच्या शूटिंगच्या दुकानाला ‘जिल्हा व्हिडिओ’ असं नाव देऊन टाकलं होतं. जिल्हा काही झाला नाही, दुष्काळ मात्र न चुकता आला. लग्नं पुढे ढकलली गेली आणि कॅमेरा कपाटात गेला. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. या गड्याने कॉम्प्युटरवर राक्षस काढायला घेतला.

राक्षस महादेवप्पा गुरुजींचा. गावाची सात तळी पिऊन बसलेल्या आणि शेवटी पाणी सोडणाऱ्या राक्षसाची त्यांची कादंबरी उदगीरच्या तीन पिढ्यांनी शाळेत वाचलेली. तिचं कार्टून करायचं, हे खूळ पंचाक्षरीच्या डोक्यात शिरलं आणि माणूस जेवणखाण विसरला. तळी झाली, गाव झालं, राक्षसाचं पोट तर असं जमलं की बायको उमाबाई म्हणाली, “आवं, ह्यो तर आमचा थोरला मामा!”

राहिला आवाज. तो गुरुजींचाच हवा होता. वर्गात ते राक्षस होऊन बोलायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा एकमेकांना बिलगायची. पण गुरुजींच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी लातूरला ऑपरेशन, आणि नंतर आवाज राहीलच याची हमी डॉक्टर देत नव्हते.

त्यात दुकानाला लागून डाळमिल, गुरुजींच्या घराला लागून धान्याचा मोंढा. दोन्हीकडे नुसती धडधड. सगळं हमखास बंद असायचं ते एकाच दिवशी, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला. ती आली होती शनिवारी. “गुरुजी, अमावशेला येतो मी,” असं सांगून पंचाक्षरी निर्धास्त झाला.

शनिवारी उमाबाई भज्जी-आंबिलीचं टोपलं घेऊन भावाच्या शेतात गेली. तिला रिक्षात बसवून हा माईक घेऊन निघाला. बाजार गपगार. पंचाक्षरीला नाचावंसं वाटत होतं. गुरुजींच्या दाराला मात्र हे एवढं कुलूप! तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. येळवशीला अख्खं गाव शेतात जेवायला जातं, म्हणून तर गाव शांत असतं. स्वतःच्या बायकोला वाटेला लावून आलेल्या शहाण्याला एवढं सुचू नये!

गाडी दामटत तो गुरुजींच्या शेतावर पोचला. कडब्याच्या कोपीपुढे गुरुजी बसले होते.

“अमावशेला येतो म्हन्लास, मंग शेतातच येनार की!” गुरुजी हसले. “आधी जेव.”

जेवतो कसला! त्याने माईक लावला. पण शेत म्हणजे काही स्टुडिओ नव्हे. कुणी बाजरीचे उंडे वाढतंय, कुणी शेजारच्या बांधावरून जेवायला हाका मारतंय. गुरुजींनी राक्षसाची डरकाळी फोडून पाहिली, दोनदा पाहिली. घशातून नुसती खरखर आली. पंचाक्षरीने कानावरचा हेडफोन उतरवला. उशीर झाला होता.

तेवढ्यात पिकावर आंबील शिंपडायची वेळ झाली. गुरुजींनी हातात आंबिलीचं मडकं घेतलं आणि ते गुडघ्याएवढ्याही न वाढलेल्या, वाळत चाललेल्या ज्वारीत शिरले. सवयीने पोटातून येळवशीची हाक निघाली, अगदी खणखणीत, “ओलगेऽ ओलगेऽ!”

“सालम पलगेऽ!” बांधाबांधावरून माणसं ओरडली.

 पंचाक्षरी माईक घेऊन ढेकळांतून धावत सुटला, एकदा पडला, माईक तेवढा वर धरला. गुरुजी आंबील उडवत पुढे, हा मागे, आणि चारी बाजूंनी शिवार त्यांच्या हाकेला ओ देत होतं.

“गुरुजी, राक्षस पानी सोडताना हेच म्हनंल!” तो धापा टाकत म्हणाला. “डरकाळी नकोच!”

“हाव. पुस्तकात फकस्त वरडायला लावलं मी त्याला. चुकलंच माजं.”

पंचाक्षरीने त्यांच्या कानाला हेडफोन लावला. गुरुजी डोळे मिटून सगळं ऐकत राहिले. मग हेडफोन काढून त्यांनी त्याच्या हातात दिला.

“लई ब्येस. ह्यो आवाज राक्षसाचा झाला आता,” ते म्हणाले. “परवा डाक्टरला काय कापायचं ते कापू दे.”