एका ठिपक्यावर गिअर बदलत नाहीत

फोनवर वैनींचं नाव दिसलं, पण बोलला त्यांचा भाऊ. तिथेच मी समजलो. "वसंतभाऊ, सुधाकरभाऊ गेले," एवढंच तो म्हणाला आणि मी म्हणालो, "बरं." बरं! काय बरं? माणूस जातो आणि आपल्या तोंडातून असा येड्यासारखा शब्द निघतो... काही आठवडे झाले त्याला, तरी ते "बरं" मला अजून टोचतं. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, घरच्यांचं चुकलं नव्हतं. कुणाचं चुकलं असतं तर निदान भांडलो तरी असतो. भांडायला मी कधी मागं राहत नाही, हे अर्ध्या यवतमाळला ठाऊक आहे.

आमच्या सूतगिरणीत मी फिटर होतो आणि सुधाकरभाऊ प्रयोगशाळेचे प्रमुख. दर पाळीला मशिनीवरच्या सुताची ठरावीक लांबीची लच्छी काढून वजन करायचं, जाड भरली की आम्ही फिटर पाना घेऊन धावणार आणि सुताची जाडी ठरवणारा गिअर बदलणार. पुढच्या पाळीला सूत बारीक निघालं की पुन्हा गिअर. आम्हाला वाटायचं, काय मेहनत करतो आपण! आणि सूत मात्र एका रिळावर जाड तर दुसऱ्यावर बारीक, विणणारे शिव्या घालत परत पाठवायचे. भाऊ आले आणि त्यांनी मशिनीशेजारी एक तक्ता लावला. मध्ये एक रेष, वर-खाली दोन तांबड्या रेषा, आणि प्रत्येक वजनाचा एक ठिपका. मी पाना उचलला की ते आडवे यायचे. "काय करून राह्यला बे वसंता? ठिपका तांबड्या रेषेच्या आत हाय ना? मंग हे मशिनीचं रोजचं डोलनं हाय. एका ठिपक्यावर गिअर बदलतं का कोनी? तू हात लावतं म्हणून तं ते जास्त डोलते." मी चिडायचो. फिटरने हात लावायचा नाही तर काय मशिनीची आरती करायची? पण भाऊ हटले नाहीत, आणि आम्ही हात आवरला तसं सूत आपोआप एकसारखं व्हायला लागलं. मला आजही ते नीट पचलेलं नाही.

ठिपके सारखे एकाच बाजूला सरकायला लागले मात्र, की भाऊंचा चेहरा बदलायचा. मग ते कारण शोधल्याशिवाय जेवत नसत. एका उन्हाळ्यात दुपारचे ठिपके रोज खाली जात होते. अजून रेषेच्या आतच होते, पण मधल्या रेषेवर एकही येईना. मी म्हटलं, आता तरी गिअर बदलू द्या. "थांब," म्हणाले, आणि दुपारभर मशिनींच्या खात्यात नुसते उभे राहिले. तेव्हा दिसलं, की उकाड्यानं जीव जायला लागला की तिथल्या बाया पश्चिमेचं दार उघडायच्या. बाहेरची कोरडी झळ आत यायची, कापूस सुकायचा, सूत हलकं भरायचं आणि पटापट तुटायचं. गिरणीचे साहेब म्हणाले, दाराला कुलूप लावा. भाऊ तिथेच उखडले, "अन् बायाईले का भाजून काढू?" त्यांनी हट्ट धरून हवा दमट ठेवणारे तुंबलेले फवारे साफ करून घेतले, वर पंखे लावून घेतले, आणि मग दार लावलं. तुटलेली सुतं जोडायला बायांची पळापळ कमी झाली, सूतही कमी वाया जायला लागलं. त्या दिवसापासून बाया भाऊंच्या डब्यात काही ना काही टाकायच्या. कधी भरली वांगी, कधी ठेचा. माझ्या डब्यात कुणी मिरचीसुद्धा टाकली नाही.

आणि अशा माणसाच्या किडन्या जाव्यात... डायलिसिसला मीच त्यांना गाडीवर न्यायचो. रिपोर्टचा आकडा थोडा वाढला की मी म्हणायचो, डॉक्टर बदलू, नागपूरला जाऊ. थोडा कमी झाला की पेढे आणायचो. झरी जामणीकडे कुणी जडीबुटी देतं असं ऐकलं तर तिकडेही निघालो होतो. भाऊ हसायचे, "अबे, इथं बी गिअर बदलून राह्यला का तू?" एकदा डॉक्टर म्हणाले, "आता स्थिर आहेत." मला रडूच आलं आनंदानं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "स्थिर म्हंजे बरं नाई बे वसंता. मशीन एकाच चालीनं खराब सूत बी काढते. स्थिर म्हंजे उद्या बी असंच." मग तेही राहिलं नाही. आकडे एकाच बाजूला सरकायला लागले, आणि ते मला त्यांच्याआधी कळलं, कारण पाहायला त्यांनीच शिकवलं होतं. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं. किडनी द्यायला वैनी तयार होत्या, जुळली नाही. माझीही नाही. मी पलंगाशी उभा, हे रिकामे हात घेऊन. "भाऊ, सांगा ना, काय करू?" ते म्हणाले, "कारण मालूम हाय, दुरुस्ती नाई. काय करतं तू? बस इथं." मी बसलो. आयुष्यात एवढं अवघड काम मी कधी केलं नव्हतं.

परवा बाभुळगावहून येताना त्यांच्या घरी गेलो. ऊन असं, की डोकं भणभणत होतं. वैनींनी पाणी दिलं, लहानशा स्टीलच्या पेल्यात, तेही अर्धाच भरून. भाऊंना पाणी मोजूनच द्यावं लागायचं, जास्त झालं की अंगावर सूज चढायची. त्या माझ्यापुढं उभ्या राहिल्या, मी घोट घोट पितो की नाही ते पाहत. मी तसाच प्यालो. घसा कोरडाच होता, पण आणखी मागायचा धीर झाला नाही. मग त्यांचंच पेल्याकडं लक्ष गेलं. "अवो माय... तुमाले कायले मोजून देलं मी!" त्या माठाकडं धावल्या, गडू भरून आणला आणि पेल्यात ओतायला लागल्या. पेला भरला, पाणी माझ्या हातावरून फरशीवर सांडायला लागलं, तरी त्या ओतत होत्या, आणि मला "पुरे" म्हणता येईना.