पल्सारच्या आलेखातला माझा चुकलेला ठिपका

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

आज आमच्या विभागात सुशांतचा सेमिनार होता. सुशांत म्हणजे माझ्याच डब्यात जेवणारा, तीन वर्षांचा दोस्त.

एका ताऱ्याभोवती वायूची तबकडी आहे. त्याचा जोडीदार पल्सार, म्हणजे भराभर फिरणारा मेलेला तारा, जवळून गेला की ती विस्कटते, आटते. किती आटते, हे मी दोन वर्षं मोजून आलेखावर मांडतोय. सुशांतनं पडद्यावर तसाच आलेख लावला. खाली नाव एकट्याचं.

म्हटलं, त्यानं स्वतः मोजलं असंल की. मग सातवा ठिपका दिसला, तो माझाच. त्याची तारीख टाकताना मी दिवस आणि महिना उलटे लिहिलेत, त्यामुळं तो पल्सार यायच्या आधीचा झालाय. चूक मला कालच सापडली, अजून कुणालाच सांगितली नव्हती.

आमच्या गाईड मॅडमनी नेमकं तेच विचारलं, "पल्सार यायच्या आधीच तबकडी कशी आटली रे?"

सुशांत माझ्याकडं वळला. "सांग की भावा."

"मला काय माहीत? आलेख तुझा हाय न्हवं?"

सगळे हसले. मला मात्र अजून जेवण जाईना. आलेख त्यानं चोरला, पण ठिपका चुकीचा आहे हे माहीत असून गप्प मी बसलो. तुम्ही काय केलं असतं?