तनाबेंची बदली

"उद्या जपानहून कंपनीचे डायरेक्टर येतायत, त्यांना सांग, तनाबेला मी परत पाठवणार नाही. माझ्या मुलासारखा आहे तो."

अरबाब म्हणाले. अरबाब म्हणजे मालक. ते माझ्याशी हिंदीत बोलत, मी ते इंग्रजीत करून जपान्यांना सांगे. टायपिंग आणि दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. ऑफिसात बाई मी एकटीच.

तनाबे समोरच बसले होते. हिंदी त्यांना कळू लागली होती. ते वाकून थँक यू म्हणाले, पण चेहरा पडला.

साठचं दशक निम्मं सरलं होतं. दुबईच्या देरा भागात आमची जपानी गाड्यांची एजन्सी होती. अबुधाबीला धड रस्ता नव्हता, गाड्या वाळूतून जात आणि बंद पडत. त्या का बंद पडतात ते शोधायला कंपनीने तनाबेंना पाठवलं होतं. अबुधाबीतल्या तेल कंपनीची ऑर्डर त्यांच्यामुळेच टिकली होती.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "एवढं कौतुक झालं, आणि तुमचं तोंड असं का?"

त्यांनी डबा नीट लावून ठेवला. मग म्हणाले, "आमच्याकडे कोणी थेट वर जात नाही. आधी कारखान्यात लाइनवर, मग सर्व्हिस, मग परदेश. त्यानंतर हेड ऑफिसात एक टेबल मिळतं. आमचे सगळे डायरेक्टर त्या टेबलावर बसून गेलेत. यंदा ते रिकामं होतंय."

"मग?"

"एजंटने माणूस मागितला तर कंपनी नाही म्हणत नाही. मी इथे राहीन, टेबलावर दुसरा बसेल. पाळी एकदाच येते."

"डायरेक्टरना तुम्हीच सांगा की."

"स्वतःबद्दल बोलायचं नसतं."

आमच्या रत्नागिरीत बदली थांबवायला लोक साहेबाच्या दारात बसतात. यांना बदली हवी होती आणि तोंड उघडायची सोय नव्हती. मी उठले आणि अरबाबांच्या केबिनमध्ये गेले.

"तनाबेंना ठेवून घेतलंत तर त्यांचं नुकसान आहे."

"नुकसान? घर देतो, गाडी देतो."

"त्यांना कंपनीत वर जायचंय."

"आणि अबुधाबीच्या गाड्या? बॉनेट तू उघडणार?"

"फोरमन उघडतील."

"युसुफ? म्हणजे तुझा नवरा."

"नवरा घरी. इथे फोरमन."

अरबाब हसले. "बरं, उद्या बघू. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला आहेच. पण उद्या तनाबेंना गाडीला हात लावू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांना वाळूतली गाडी बघायची होती, म्हणून आम्ही सगळे दोन गाड्यांतून अबुधाबीच्या वाटेला लागलो. थोड्या वेळाने पुढची गाडी काळा धूर सोडून थांबली. इंजिनाला हवा लागते आणि ती गाळायला फिल्टर असतो. आमची वाळू पिठासारखी. फिल्टर बुजला की गाडी धापा टाकते.

सवयीने तनाबेंचा हात दाराकडे गेला.

"बसा," मी म्हटलं.

ते बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, परक्या घरी बसावं तसे.

युसुफ उतरले. फिल्टर काढला, साफ केला, धूळ पकडणारं त्यातलं तेल बदललं आणि वरून दुपदरी मलमलीची टोपी चढवली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. ती टोपी मी घरच्या शिलाई मशीनवर शिवली होती, हे इथे सांगायला हरकत नाही.

"कोणी शिकवलं?" डायरेक्टरनी विचारलं.

"तनाबेसाहेबांनी," युसुफ म्हणाले. "टोपी आमच्या घरची."

डायरेक्टर गाडीत बसलेल्या तनाबेंकडे बघत राहिले. मग अरबाब बोलू लागले आणि मी इंग्रजी करू लागले.

"तनाबे माझ्या मुलासारखा आहे."

तनाबेंनी मान खाली घातली.

"म्हणूनच घेऊन जा त्याला. मुलाला जन्मभर दुकानात बसवत नाहीत. फक्त अशा टेबलावर बसवा, जिथे आमच्या वाळूची तक्रार पोचेल. खलास."

'खलास'चं इंग्रजी मी केलं नाही. डायरेक्टरना ते कळलं.

"मीही परदेशातच होतो," ते मला हळूच म्हणाले. "तिथल्या एजंटने मला सोडलं नव्हतं. टेबल मिळायला फार उशीर झाला."

तनाबे गेले. पुढच्या मॉडेलला मोठा, दुहेरी फिल्टर आला. युसुफ सर्व्हिस मॅनेजर झाले. अबुधाबीची ऑर्डर वाढली.

कितीतरी वर्षांनी तनाबे डायरेक्टर होऊन आले. केस पिकलेले, मागे चार सूटवाले. शोरूममध्ये कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर मांडून सगळे उभे होते. तनाबे तडक वर्कशॉपमध्ये गेले, एक बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि मला विचारलं, "मशीन चालू आहे का?"

"चालू आहे. पण टोप्या शिवायची वेळ येत नाही."

ते वाकले. या वेळी चेहरा पडलेला नव्हता.

तनाबेला आपणच मोठं केलं, असं अरबाब येईल त्याला सांगतात. मी दुरुस्त करत नाही. चांगला माणूस अडवून ठेवला असता तर आमचं एकच वर्कशॉप नीट चाललं असतं, वाळूची तक्रार जपानला पोचली नसती, आणि मी अजून मलमल कापत बसले असते.