बर्फातला पाव्हणा

आधीच सांगते, भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाते. पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. तरीही हे लिहितेय, कारण हे कुणाकडून ऐकलेलं नाही... मी स्वतः त्या खोलीत होते.

१९९५ चा मे महिना. आमचं घर काटेवाडीच्या अलीकडे, बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडं आत, वांगी-टोमॅटोच्या रानात. दोन खोल्या, वर पत्रा. मी तेव्हा बारामतीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. माझे वडील, आप्पा, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. पुढं मेंढरं विकून त्यांनी शेती धरली. एवढा काटक माणूस, पण नऊ दिवस तापानं फणफणला होता. गोळ्या, इंजेक्शनं, सलाईन... ताप हटेना. दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर पुण्याला हलवा. पण वाटेत काय होईल ते सांगता येत नाही."

आणि आप्पांचं तिसरंच. "आगं, बरफ पडतानाचं एखादं पिक्चर आण की," म्हणाले. "नुसतं बघून तरी गार वाटंल."

आजारी माणसाचा शब्द कोण मोडणार? बारामतीहून व्हीसीआर भाड्यानं आणला. दुकानदाराला म्हटलं, भरपूर बर्फ पाहिजे. त्यानं एक इंग्रजी कॅसेट हातात ठेवली.

दुपारी दोनला लावली. पत्रा तापून कडकड वाजत होता. टीव्हीवर कुठलंतरी आडबाजूचं गाव, दारापर्यंत बर्फ. आप्पा एकटक बघत होते. दहा मिनिटांत मला कळलं, हे रक्त पिणाऱ्या भुताचं पिक्चर आहे. एक पांढराफटक माणूस दारोदार फिरतो, आत घ्या म्हणून विनवतो, आणि कुणी 'ये' म्हटलं की त्या घराचं आटोपलं.

आई-आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, मीच सांगत होते. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला हे कसं सांगू? दिली थाप ठोकून — "वाट चुकलेला पाव्हणा आहे. थंडीनं गारठलाय. घडीभर ऊब द्या म्हणतोय."

"मग घेत का न्हायती आत?" आईला रागच आला. रात्रंदिवस पट्ट्या ठेवून तिचे डोळे तांबारले होते. "दारात आल्याला मानूस असा उभा करत्यात व्हय? या वो पावनं. आमच्यात या."

आप्पा हसले. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

तेवढ्यात लाईट गेली. त्यात नवल नाही, आमच्याकडे ते रोजचंच. पण पंखा थांबला आणि खोली गार पडायला लागली. आधी पायांना लागलं, मग गुडघ्यांपर्यंत आलं. पत्र्याचा आवाज बंद झाला. आईकडं बघितलं तर तिच्या तोंडातून वाफ निघत होती. दार सताड उघडं, बाहेर लख्ख ऊन, रानात टोमॅटो करपत होते. गारठा फक्त आत. भीती म्हणावी तर तीही वाटेना... गाभाऱ्यात गेल्यावर माणूस आपोआप गप्प होतो ना, तशा आम्ही दोघी उभ्या.

आप्पांनी पाय आखडून पायथ्याला जागा केली. "बसा," म्हणाले. आणि बाजेच्या दोऱ्या त्या जागी खाली दबल्या. मी डोळ्यांनी बघितल्या. तिथं कुणी नव्हतं.

"घ्या की," आप्पा हळूच म्हणाले, "माज्याकडं लई हाय."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. लाईट आली तेव्हा दोऱ्या पुन्हा ताठ होत्या, पत्रा वाजायला लागला होता. मी आप्पांच्या कपाळावरची ओली पट्टी उचलायला गेले तर ती गोठून पापडासारखी कडक. खाली कपाळ थंडगार. मला वाटलं, आप्पा गेले. छातीवर कान ठेवला.

"आईला भाकरी टाकाय सांग," वरून आवाज आला. मी तिथंच बसून हमसून हमसून रडले.

संध्याकाळी डॉक्टरांनी दोनदा थर्मामीटर झटकून लावला. ताप नव्हता. घाम येऊन ताप उतरतो, हे मलाही कळतं. पण आप्पांची बंडी कोरडी ठाक होती.

त्यानंतर आप्पा चौदा वर्षं जगले. एकदा विचारलं, भ्याला नाही का हो? म्हणाले, "भ्या कशाचं? गारठल्याला गडी. आमी मेंढरामागं फिरायचो तवा किती जनांनी आमाला शेकोटीपाशी घेतलं."

ती कॅसेट मी नंतर दोनदा शेवटपर्यंत बघितली. त्यातला माणूस कुठंही ऊब मागत नाही. त्याला फक्त रक्त पाहिजे असतं. ऊब मागणारा होता तो माझ्या थापेतला... मग आमच्या बाजेवर बसून माझ्या बापाचा ताप घेऊन गेला तो कोण, हे मला आजही माहीत नाही. पण त्या दुपारी मी खरं सांगितलं असतं आणि तरीही आई "या" म्हणाली असती तर आत कोण आलं असतं, हा विचार आला की भर उन्हात माझे हातपाय गार पडतात.